जुना घोडा पाहिजे

आमच्या आबांनी आयुष्यात एकच गोष्ट नाजूक हातानं धरली, ती म्हणजे पिस्तूल. बाकी म्हशीचं शिंग असो, ट्रॅक्टरचा गिअर असो नाहीतर माझा कान असो, सगळं उपटायच्या हिशेबानंच धरायचे. आणि नेमकं तेच पिस्तूल त्यांच्या हातनं पडलं.

पिस्तूल माझ्या आजोबांचं. लायसन्सचं, विलायती. आजोबांच्या मागं लायसन्स आबांच्या नावावर झालं. कागलच्या अलीकडं आमचं गाव, तिथं त्या पिस्तुलानं आजवर एक कावळासुद्धा मारलेला नाही. गोळ्या कधीच्या संपल्या, आणि नव्या आणल्या तर मी माहेरी जाईन असा आईनं दम भरलेला. त्यामुळं वर्षभर ते कपाटात धोतराच्या घडीत झोपून असायचं आणि खंडेनवमीला बाहेर यायचं. त्या दिवशी पाटावर कोयता, खुरपं, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने असं सगळं मांडायचं आणि मधोमध हे साहेब.

यंदा नवरात्राच्या तोंडावर आबा त्याला खोबरेल तेल लावून पुसत बसले होते. तेल जास्त झालं, पिस्तूल सटकलं, शहाबादी फरशीवर आपटलं आणि घोडा मोडला. घोडा म्हणजे पिस्तुलाच्या मागं शिंगासारखं वर आलेलं असतं आणि चाप ओढला की आपटतं, ते. आई म्हणाली, बरं झालं, ब्याद गेली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

उपाशी राहण्याचं कारण पिस्तूल नव्हतं, तात्या होते. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ. दोघांच्या शेताच्या मधे एक बांध आहे. हातभर रुंदीचा असेल. त्याच्यावरनं दोघं कोर्टात जाऊन आले, मोजणीवाल्यांना चहा पाजून पाजून दमले आणि शेवटी बोलायचे बंद झाले. बांधावर गवत उभं राहतं, पण ते दोघांपैकी कुणी कापत नाही, दुसऱ्याला कापू देत नाही. कापलं की मालकी लागते म्हणे. आमच्या म्हशी कोरडा कडबा चावत त्या हिरव्या गवताकडं बघत असतात, आणि आई दोन्ही भावांच्या अकलेचा उद्धार करत असते.

पण मरताना आजोबांनी सांगून ठेवलेलं, की खंडेनवमीला दोघांनी मिळून हत्यारावर फूल घालायचं. म्हणून वर्षातनं तेवढ्या एका सकाळी तात्या आमच्या उंबऱ्याच्या आत येतात. फूल घालतात, चहा पितात, आणि जे काय बोलायचं ते माझ्याशी बोलतात. तुझ्या बाला सांग, उसाला पाणी जास्त झालंय. आबा त्यांच्या समोर दोन हात अंतरावर बसलेले असतात, ते मला सांगतात, तुझ्या तात्याला सांग, आपला ऊस बघ म्हणावं. मी खुळ्यागत दोघांच्या मधे मान हलवत बसते. आणि खंडित वस्तू पूजेला चालत नाही. घोडा मोडलेलं पिस्तूल पाटावर नाही, म्हणजे पूजा नाही, म्हणजे तात्या नाहीत. आबा हे तोंडानं बोलणार नाहीत, जीव गेला तरी. ते आपले सारखं पिस्तूल उघडायचे, बघायचे, परत गुंडाळायचे. मला ते बघवेना.

"मी बघतो की आबा," म्हटलं. (आमच्याकडं बायाही 'बघतो'च म्हणतात. पुण्यातल्यांनी खुशाल नाक मुरडावं.)

मला माज होता, खोटं कशाला सांगू. मी शिरोलीत एका फौंड्रीत स्टोअर सांभाळते. बंद पडलेल्या कंपनीच्या मशिनचा पार्टसुद्धा मी कुठनं तरी पैदा करते, तिथं पिस्तुलाचं एवढंसं शिंग म्हणजे काय. पहिल्यांदा आमच्या मशिन शॉपमधल्या टर्नरला तुटका तुकडा दाखवला. कोल्हापुरात कुठलीही वस्तू दाखवा, माणूस आधी 'करून देतो' म्हणतो आणि मग विचारतो, हे काय आहे. तो म्हणाला, म्याडम, चहाच्या सुट्टीच्या आत देतो. मग विचारलं. मी सांगितलं. त्यानं तुकडा असा खाली ठेवला की जणू तव्यावरनं उचललाय. मला घरी बायकापोरं आहेत म्हणाला, आणि तुम्हालाही आईबाप आहेत. बरोबर होतं त्याचं. बिनपरवाना असलं काही घडवलं तर खंडेनवमी कळंब्याच्या जेलमध्ये.

मग शहरातलं बंदुकांचं जुनं दुकान गाठलं. मालकानं आधी माझ्या मागं बघितलं, कुणी पुरुष येतोय का म्हणून. कुणी आलं नाही तसं नाइलाजानं माझ्याशी बोलला. लायसन्स आणि आबांच्या सहीची चिठ्ठी बघितली, पिस्तूल बघितलं, आणि मयताला आल्यासारखं तोंड केलं. ही कंपनीच कधीची बुडाली. नवीन मॉडेलचा घोडा ह्याला बसत नाही. जुनाच पाहिजे, आणि तो मिळायचा तर कुणीतरी ह्याच जातीचं पिस्तूल रीतसर मोडीत काढलेलं पाहिजे. ओळखीच्या दुकानदारांना विचारून ठेवतो, मिळाला तर कायद्यानं बसवून देतो म्हणाला. मी निघताना एक सल्ला दिला: फोनवर उगाच पिस्तूल पिस्तूल करू नका, दिवस वाईट आहेत, नुसतं घोडा म्हणा.

तो सल्ला मी मनापासून पाळला. घरी येऊन गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'आमच्या आबांसाठी जुना घोडा तातडीने पाहिजे. नवा चालणार नाही. कुणाकडे असल्यास कळवावे.' आणि फोन चार्जिंगला लावून भाकरी थापायला बसले.

उठून बघते तर ग्रुपवर नुसता कालवा. नृसिंहवाडीकडच्या एकानं पांढऱ्या घोडीचा फोटो पाठवलेला, वरातीची आहे, बँडला बुजत नाही. एकानं विचारलेलं, आबा स्वतः बसणार का नुसता दारात बांधणार. सोसायटीच्या एका संचालकानं अभिनंदन करून टाकलेलं, कशाबद्दल ते त्यालाच माहीत. एक आगाऊ भाचा म्हणाला, मामी असताना मामांची दुसरी वरात कशी काय. मी मेसेज पुसला, पण आमच्या गावात पुसलेला मेसेज जास्त लोक वाचतात. आई पोट धरून हसली. आबा मात्र माझ्यावर असे भडकले की लहानपणीचा कान आठवला. सगळ्या गावात माझं हसं केलंस, म्हणाले, आणि तिकडं थोरल्याच्या कानावर गेलं असणार, तो आता काय फिरकत न्हाय. एवढं बोलून ते परड्यात निघून गेले. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुकानदाराचा काही फोन आला नाही. खंडेनवमी उजाडली. आबांनी पाट मांडला, कोयता-खुरपं ठेवलं, मधली जागा मोकळी सोडली आणि कुठलं तरी काम असल्यासारखे गोठ्यात जाऊन बसले. मी झेंडूची फुलं उगाच निवडत होते.

अंगणात काहीतरी धप्पकन पडलं. बाहेर आले तर गवताचा भारा, आणि त्याच्या शेजारी धापा टाकत उभे तात्या. गुडघा बदललेला माणूस, डोक्यावर भारा घेऊन सगळ्या गावातनं आला होता. मी गवताकडं बघितलं. आईनंही बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ते गवत आमच्या तालुक्यात एकाच ठिकाणी एवढं वाढतं.

आबा गोठ्याच्या दारात येऊन थांबले. तात्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"घोडं कुठाय रं?" ते थेट आबांना म्हणाले.

 आबा आत गेले आणि धोतरात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन आले. उघडून दाखवलं. तात्यांनी आधी पिस्तूल बघितलं, मग भारा बघितला, मग मला एक अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. ह्या वयात घोडं घेतोय म्हटल्यावर भाऊ खुळा झाला असं त्यांना वाटलं होतं. पण त्या मुक्या जनावरानं काय पाप केलंय, त्याला वैरण लागेल, म्हणून पहाटे उठून बांध कापला होता.

"खंडित हाय," आबा कसेबसे म्हणाले. "पाटावर न्हाय मांडता येत."

"माझा गुडघा लोखंडाचा, तुझं दात प्लास्टिकचं. आपल्याला कुणी टाकून दिलंय? बाच्या हातचं हाय त्ये. मांड."

आबांनी मांडलं. दोघांनी फूल घातलं. आबांनी डोळे पुसले आणि धूप फार झाला म्हणाले. धूप अजून पेटवलाच नव्हता. परड्यात आईनं भाऱ्याची दोरी सोडली होती आणि म्हशी गवतावर तुटून पडल्या होत्या. चहा येईपर्यंत दोघांची जुंपली, की उरलेलं गवत कुणी कापायचं. तात्या म्हणत होते बांध माझा, आबा म्हणत होते तुझ्या बाचा, आणि तात्या म्हणत होते, तुझाबी बा त्योच की. भांडण चांगलं रंगलं होतं. मला मधे कुणी घेतलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बंदुकीच्या दुकानाचा मालक. सांगलीकडच्या एका दुकानात जुना घोडा सापडलाय, तुमच्या पिस्तुलाला बसेल, मागवू का. मी फोनवर हात ठेवून आबांना विचारलं.

आबांनी तात्यांकडं बघितलं. "त्येला म्हणावं, घोडं मिळालं."

मी तसंच सांगितलं. मालकाला ते पटेना. ओरिजनल आहे का, का कुणी बनवून दिला, म्हणाला. मी म्हटलं, नाही हो, ओरिजनल. जुनंच आहे.