निरोगी हृदय हवे

मंगळवार, १२ मार्च. सकाळी नळदुरुस्तीवाला येऊन गेला. दुपारी वन्संचा फोन. हे गेल्यानंतरचा पहिलाच. त्यांना माझं हृदय तपासायचंय. उद्या जाणार.

ही डायरी लिहिणाऱ्या वहिनींच्या वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या बहिणीने, उभा जन्म हृदयावर संशोधन करण्यात घालवला होता. आजार नसताना, नुसत्या वयाने हृदय किती ताठर होतं, हे त्या मोजत होत्या. त्यासाठी सत्तरीपुढच्या धडधाकट बायका हव्या होत्या. आजारी हव्या तेवढ्या मिळत. धडधाकटांत नेमकी एक कमी पडत होती.

बुधवारी वहिनी तपासणीला गेल्या त्या काही उपकार करायला नव्हे. अकरा वर्षांपूर्वी, वारलेल्या नवऱ्याला न्यायला माणसं जमली असताना, त्या छाती धरून मटकन खाली बसल्या. तेव्हा वन्सं चारचौघांत म्हणाल्या होत्या, "वहिनी, नाटकं पुरे." तो शब्द त्यांना मागे घ्यायला लावायचा होता. आता गरज त्यांची होती.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. वहिनी डाव्या कुशीवर निजल्या. वन्संनी छातीवर गार जेल थापलं आणि सोनोग्राफी यंत्राचा प्रोब बरगड्यांत रुतवला.

"हळू. विहीर खणताय का?"

"बोललात की चित्र बिघडतं. श्वास सोडा आणि धरा."

"आधी तो शब्द मागे घ्या, मग धरते."

"कुठला?"

"नाटकाचा."

"अजून तेच उगाळताय? धरा म्हटलं ना."

वहिनींनी धरला. वन्संनी प्रोब सरकवला, पुन्हा त्याच जागी आणला आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग उठून दिवा लावला.

"तुम्ही चालणार नाही."

"तुमच्या घरात मी कधी चालले?"

"हृदयाच्या टोकाकडची भिंत हलत नाही. झटका येऊन गेलाय, जुना. छातीत कधी दुखलं होतं?"

"तुम्ही समोरच होतात की."

वन्सं पुसायचा कागद हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "त्याच दिवसाचा कशावरून?"

"शोधा. संशोधन तुमचं."

"चिठ्ठी देते. गोळ्या लगेच सुरू करा. जड काही उचलायचं नाही."

"नाटकाला कसल्या गोळ्या?" वहिनींनी कागद ओढून घेऊन छाती स्वतःच पुसली. चिठ्ठी मात्र पर्समध्ये टाकली.

वन्सं दारापर्यंत आल्या. "आता दुसरी बाई शोधावी लागेल," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी वहिनींनी डायरीत लिहिलं: गॅस संपला. भरलेला सिलिंडर मीच ओढत आणून लावला.