ठेंगणी खुर्ची

लेकीने शिकागोजवळ नेपरव्हिलच्या घरी नवी खुर्ची आणली. ठेंगणी, मागे कललेली, चामड्याची. त्या कोऱ्या चामड्याचा वास नाकात गेला आणि माझं डोकं सणकलं.

असाच वास माझ्या बॉसच्या दिवाणखान्यात होता. मी तेव्हा शिकागोत नवखी आर्किटेक्ट होते आणि बाबा नागपूरजवळच्या खेड्यातून मला भेटायला आले होते. गडद गुलाबी भिंतीसमोर अशीच खुर्ची मांडलेली. बॉस कौतुकाने सांगू लागला, मेक्सिकोतल्या एका आधुनिक आर्किटेक्टने खेड्यातली ही बैठक बंगल्यांत नेली, तिथल्या घरांचं आणि फर्निचरचं वळणच बदललं. "खाली बसलं की माणूस नम्र होतो," तो म्हणाला. मी ते बाबांना मराठीत सांगितलं.

बाबा बसले नाहीत. "त्यांना सांग, पाटलाच्या ओसरीखाली मातीत बसून मी भरपूर नम्र झालोय. मला उंच खुर्ची द्या."

मी शब्दन् शब्द सांगितला. बॉस हसला. "गुडघे दुखत असतील!"

तेव्हा त्या हसण्याचा राग आला होता. आज त्या नम्रतेचाच येतो. ज्यांना ती दुकानातून आणावी लागते, त्यांना ती ज्यांच्यावर लादली गेली त्यांचं काय कळणार?

"आई, इट्स अ क्लासिक! बसून तरी बघ."

मी डायनिंग टेबलची खुर्ची ओढत आणली आणि तिच्यावर ताठ बसले.

"तू बस तिथे खाली," मी म्हणाले, "आणि तुझे आजोबा कुठे बसायचे ते ऐक."