इन्साफच्या पोरीचं इंग्रजी

पाच वर्षांच्या पोरीला परक्यांसमोर तोंड मिटून बसायला तुम्ही कधी शिकवलंय का? नसेल, तर इन्साफला नावं ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. मलाही नव्हता. तरी मी वर्षभर तिच्यावर चिडत राहिले.

इन्साफ आमच्या इम्बाबा वस्तीतल्या गल्लीत, माझ्याच वरच्या मजल्यावर राहते. सकाळपासून जिन्यात बसून लांबट वांगी आतून कोरते. नोकरीवाल्या बायका ती घेऊन जातात, घरी भात भरतात, की झाला स्वयंपाक. तिचा नवरा शाबान मिनीबस चालवतो. वाचता दोघांनाही येत नाही. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत: लेकीला, रीताजला, पुलापलीकडच्या इंग्रजी शाळेत घालायचं. पोरीनं खुर्चीत बसून काम करावं, जिन्यात नाही.

बँकेतली निहालबाई इन्साफची गिऱ्हाईक. ती दर गुरुवारी फोनवर दहा इंग्रजी शब्द बोलून पाठवायची. इन्साफ दार लावून घ्यायची, टीव्ही मोठा करायची, आणि वांगी कोरता कोरता फोनच्या मागे शब्द म्हणायची, तिच्यामागे रीताज. सुरी, पाणी, मीठ, लाल, हिरवा. सहा महिन्यांत पोर अख्ख्या स्वयंपाकघराची नावं सांगायला लागली, शंभरपर्यंत आकडे मोजायला लागली.

मला कळलं, कारण मी न विचारता आत घुसले. ती माझी खोड. रीताज नळ बंद केल्यासारखी गप्प झाली.

इन्साफ म्हणाली, "उस्ताजा, आधी माशाल्ला म्हणा, पोरीला दृष्ट लागेल." गल्लीची भांडणं सरकारी कचेऱ्यांत नेते म्हणून मला सगळे अर्ध्या थट्टेनं उस्ताजा म्हणतात, बाईसाहेब म्हणावं तसं. मी तीनदा म्हटलं, तेव्हा कुठे पोरीला बोलायची परवानगी मिळाली. काय बोलली ती! मी तिथंच सांगितलं, हिला जिन्यात बसव, पोरांत बोलू दे, असं कोंडून भाषा वाढते का? दृष्ट-बिष्ट सगळं थोतांड आहे.

इन्साफनं सुरी खाली ठेवली. "माझा यूसुफ दहाव्या महिन्यात बोलायला लागला होता. पाहुण्यांपुढे मीच त्याला बोलायला लावलं. सगळ्या म्हणाल्या, केवढा हुशार. आठ दिवसांत तापानं गेला."

ड्रेनेजवाल्यांशी मी भांडले आहे, चौकीत जाऊन पोलिसांशी भांडले आहे. हिच्यापुढून मात्र मान खाली घालून खाली उतरले.

आमच्याकडे या शाळांत पोराबरोबर आईबापांचीही पारख होते. मुलाखतीच्या दिवशी शाबान मेव्हण्याचा कोट घालून आला, बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. मी मावशी म्हणून आत शिरले. टेबलामागे तीन बायका. मधली तरुण होती, आणि खरं सांगते, मायाळू होती. तिनं मांजराचं चित्र पुढे केलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय?

रीताजनं चित्र पाहिलं, तीन परक्या बायका पाहिल्या आणि ओठ घट्ट मिटले.

इन्साफ हळूच म्हणाली, "बोल राणी. आज बोलायचं." पोर तिच्याकडे अशी बघायला लागली, जणू आई तिची परीक्षा घेतेय. घरी तर रोज उलटं सांगायची. मग ती खुर्चीवरून उतरली, आईच्या कानाला दोन्ही हातांचा आडोसा केला आणि पुटपुटली. बाईंनी दुसरं चित्र दाखवलं, तिसरं दाखवलं. पुन्हा तेच.

"ती सांगतेय," इन्साफ म्हणाली. "मांजर म्हणाली. मग टोपी. मला ऐकू येतंय."

"आम्हाला ऐकू आलं पाहिजे, मदाम. आईनं मध्ये बोलायचं नाही, नियम आहे."

इन्साफ काय सांगणार होती? दहा महिन्यांच्या यूसुफची गोष्ट, त्या टेबलासमोर? तिनं हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली. मग मी तोंड उघडलं. नको ते सगळं बोलले, तुमच्या नियमांना आग लागो इथपर्यंत. शाबान माझी बाही ओढत होता. त्यांनी आम्हाला दार दाखवलं. माझ्या बोलण्यानं बिघडलं, की आधीच बिघडलं होतं, मला माहीत नाही. इन्साफनं आजवर विचारलेलं नाही, आणि ते जास्त लागतं.

परत येताना मिनीबसमध्ये रीताजचा चेहरा फुलला होता. तिनं विचारलं, "आई, मी एकही शब्द कुणाला दिला नाही ना?"

इन्साफ खिडकीबाहेर बघत होती. "नाही गं. शहाणी माझी," म्हणाली, आणि तिचं डोकं छातीशी धरलं. दुसरं काय म्हणणार? पोरीनं तर सांगितलं तेच केलं होतं.

तीन आठवड्यांनी शाळेच्या फाटकावर यादी लागली. इन्साफला वाचता येत नाही म्हणून मी वाचली, वरून खाली, आणि पुन्हा वरून खाली. नाव नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा टेबलामागे बसत असेल, तर एवढं करा: उठा, टेबलाला वळसा घालून या, गुडघ्यावर बसा, आणि आपला कान त्या पोरीच्या तोंडाशी न्या.