ताईकडे, सगळं उलट

माझी धाकटी बहीण एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. कुठला नट कुठल्या खणात, कोणी नेला, परत कधी आणला, यात तिची बावीस वर्षं गेली. ते तिथेच राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या वर्षी आम्ही दोघींनी मिळून जोडघर घेतलं. मधली भिंत एक, उजवा भाग माझा, डावा तिचा. राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने वही काढली.

वहीत महिन्याला एक पान. टाकी कधी धुतली, गच्चीवरची पन्हळ कधी साफ केली, बिजागऱ्यांना तेल कधी घातलं. उरलेल्या रंगाच्या डब्यावर खोलीचं नाव. प्रत्येक बटणाखाली, पाण्याच्या प्रत्येक कॉकवर चिठ्ठी. म्हणून तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. सगळे म्हणजे मीच. माझं शिवणाचं दुकान. अठ्ठावीस वर्षं मी नुसत्या नजरेने माप घेते, मला कसली वही? येताजाता मी तिला ऐकवायची, माझं घर आपोआप चालतं. आणि खरंच चालत होतं. वर्षभरात ना टाकीत शेवाळ, ना कधी पन्हळ तुंबली.

तरी पोटात दुखायचंच, खोटं कशाला बोलू? थोरली मी, पण लहानपणी कपाटाची किल्ली आई तिच्याकडे द्यायची. आता गल्लीतल्या बायका तिचं घर बघायला यायच्या आणि माझ्या दारावरून तशाच पुढे जायच्या.

मग भावाची बदली झाली आणि आईचं ठरलं, ती आमच्यापैकी एकीकडे राहणार. आठ दिवस माझ्याकडे, आठ दिवस धाकटीकडे, मग जिथे बरं वाटेल तिथे कायमची. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात मी एकटीच. मला आई हवी होती. सेवाबिवा करायची म्हणून नाही. एकदा तरी तिने मला निवडावं म्हणून.

एकमेकींच्या घरची एकेक किल्ली आमच्याकडे असते. आई येण्याच्या आदल्या दिवशी धाकटी कामावर गेल्यावर मी तिच्या घरात शिरले, वही काढली आणि घाईघाईने पहिली पानं उतरवून घेतली, जिन्याखालच्या कॉकच्या चित्रासकट. डावा घराच्या पाण्याचा, उजवा बागेतल्या नळाचा. घरी येऊन तशाच चिठ्ठ्या माझ्या अक्षरात चिकटवल्या.

आईने आल्याबरोबर चष्मा लावून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. शेवटी सुचलं म्हणायचं तुला, म्हणाली. ते 'शेवटी' मला टोचलं, पण गिळलं.

बुधवारी धाकटीची सुट्टी असते आणि माझं दुकान चालू असतं. त्या बुधवारी दुपारी माझ्या बेसिनखालचा पाइप सांध्यातून सुटला. आई जिन्याखाली गेली, चिठ्ठी वाचली, डावा कॉक बंद केला. पाणी थांबेना. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली, कॉक पुन्हा आवळला. पाणी पलंगाखाली शिरलं तेव्हा तिने मधल्या भिंतीवर काठी ठोकली. धाकटी एका हातात पाना, दुसऱ्या हातात वही अशी धावत आली आणि तिने उजवा कॉक बंद केला.

मी पोचले तेव्हा आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि धाकटी फरशी पुसत होती. तिचं डावं ते माझं उजवं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवणाऱ्या पोरींना मी दुकानात काय काय बोलते, ते सगळं मला तिथे आठवलं.

धाकटीने चिठ्ठी नीट वाचली. शब्द तिचे, अक्षर माझं. तिने ती सोलून काढली, खिशात टाकली आणि आईला म्हणाली की नवीन घरात होतं असं. मग निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

"मी इथेच राहते," आई म्हणाली. "ती वहीला विचारल्याशिवाय शिंकत नाही. तुझं घर वर्षभर बिनबोभाट चाललं. एकदा गळलं तर काय बिघडलं?"

जिंकले मी. इतकी खूश झाले की चहात साखर दोनदा घातली. तेवढ्यात पायरीवर राहिलेली धाकटीची वही दिसली. माझी फजिती एवढ्यात लिहून टाकली की काय, बघायला मी ती उघडली. शेवटची पानं मी उतरवताना पाहिलीच नव्हती. वर लिहिलं होतं, 'ताईकडे. सगळं उलट.' खाली माझ्या जिन्याखालचं चित्र, अगदी बरोबर. मग तारखा, सगळ्या बुधवारच्या. टाकी धुतली, ताई दुकानात. पन्हळ साफ केली, ताई दुकानात. आणि शेवटची ओळ: बेसिनखालचा सांधा सैल आहे, आवळायचा. या बुधवारी आई असेल, म्हणून पुढच्या.

वही दोनदा मिटली मी. कोणाला कळणार होतं? पण आई मला निवडत नव्हती, त्या बुधवारांना निवडत होती, आणि ते मला पचेना. मी वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली.

आईने ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं. मग कितीतरी वेळ मधल्या भिंतीकडे बघत राहिली. तिने असं कौतुकाने माझ्याकडे बघावं म्हणून मी जन्मभर झुरले, आणि तेही धाकटीला मीच मिळवून दिलं.

"राहते मी इथेच," आई शेवटी म्हणाली. "पण बुधवारी दुकान बंद ठेव. तिच्या हाताखाली शीक."

पुढच्या बुधवारी मी बादली घेऊन गच्चीवर गेले. धाकटीने माझ्या हातात ब्रश दिला, तासभर टाकी घासून घेतली आणि एक कोपरा पुन्हा घासायला लावला. मग वहीत लिहिलं, टाकी धुतली, ताईने स्वतः. मेलीचं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं आहे.