कंपनी कुणाची, पाणी कुठलं

माझ्या सासऱ्यांनी गावदेवीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली होती, की चीनमध्ये बनलेली वस्तू आपल्या हाताने विकत आणणार नाही. टीव्हीवरच्या बातम्या बघून तापलेल्या, देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या त्यांच्या सगळ्या दोस्तमंडळींनीच तेव्हा घेतली होती. बाकीच्यांची दिवाळीपर्यंत विरघळली. आमच्या बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गणपतीची दिव्यांची माळ गेली, बॅटरी गेली, आणि डास मारायची रॅकेटसुद्धा गेली. वसईत नंदाखालच्या पलीकडे आमचं गाव, घराला तिन्ही बाजूंनी केळी आणि नारळ. इथे रॅकेटशिवाय संध्याकाळ काढणं म्हणजे काय, ते आमच्या ओटीवर बसल्याशिवाय कळायचं नाही. मी डोंबिवलीच्या फ्लॅटमधून सून होऊन इथे आले. डासांचा मला राग यायचाच, शपथेचा त्याहून जास्त यायचा.

मग मला नोकरी लागली. शाळेच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायची, तीही घरी बसून. मुलगी लहान असल्यामुळे मला तर देवच पावला. लॅपटॉप मात्र स्वतःचा हवा होता आणि काम सोमवारी सुरू होणार होतं. बाबांना माझ्याहून जास्त आनंद झाला. ते तडक ओट्यावर जाऊन सांगून आले, की सुनेला मशीन मी घेऊन देणार, माझ्या सुकेळीच्या कमाईतून.

सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. आमच्याकडे हा धंदा आजेसासऱ्यांपासूनचा. प्रत्येक पुडक्यावर हिरवी चिठ्ठी असते, ‘अस्सल वसईची सुकेळी’. त्या चिठ्ठीवर बाबांचा इतका जीव, की ती वाकडी लागली तर काढून पुन्हा लावतात.

शपथ आणि भेट एकमेकींच्या आड येतील हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते आलं शनिवारी, वसई स्टेशनजवळच्या दुकानात.

दुकानदार तरुण होता. त्याने उत्साहाने पहिला खोका पुढे केला. ‘काका, ब्रँड अमेरिकन आहे. एकदम टॉप.’

बाबांनी चष्मा पुसला, खोका उलटा केला आणि खालची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. मेड इन चायना. खोका परत गेला. दुसरा तैवानच्या कंपनीचा, बनला पुन्हा चीनमध्येच. तिसरी कंपनी जपानी, खोक्याखाली तेच. आजूबाजूची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. माझे कान गरम झाले. डाळ-तांदूळ निवडावेत तसे बाबा लॅपटॉप निवडत होते आणि हाती काहीच लागत नव्हतं.

‘मेड इन इंडियावाला आहे एक,’ दुकानदार म्हणाला, ‘पण काका, कंपनी चिनी आहे. आधीच सांगतो, मागून भांडण नको.’

बाबा स्टुलावर बसले. कंपनी शत्रूची, माल आपला. नाहीतर कंपनी मित्राची, माल शत्रूचा. गावदेवीसमोर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हळूच म्हटलं, ‘बाबा, मी घेते माझ्या नावावर. तुम्ही फक्त पिशवी धरा. शपथ पण राहील.’

‘आनि ओट्यावर काय सांगू? भेट दिली म्हनून, का पिशवी धरली म्हनून?’

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला एकदम भरून आलं. या माणसाला मी डासांपायी इतके दिवस मनातल्या मनात बोल लावत होते, आणि तो माझ्यासाठी दोन्ही शब्द पाळायची धडपड करत होता.

शेवटी त्यांनी दुकानदाराला विचारलं, ‘हा बनवतात तिथं पानी कुठलं?’

‘पाणी?’ दुकानदार गोंधळला. ‘फॅक्टरी साउथला आहे. तिथलंच असेल ना.’

‘काम करनाऱ्या पोरी?’

‘त्या पण तिथल्याच.’

बाबा माझ्याकडे वळले. ‘बाय, आपल्या वाडीतलं केळीचं पहिलं मुनवं माज्या आज्यानं बाहेरून आनलं. रोप दुसऱ्याचं, पन विहीर आपली. मंग केळं कोनाचं?’

‘आपलं.’

‘मंग हा पन आपला.’ आणि पिशवी त्यांनी स्वतः उचलली.

घरी पोचलो तेव्हा अंगणात टेम्पो उभा होता आणि माझ्या सासूबाई केळ्यांचे घड उतरवून घेत होत्या. ते काम आटोपल्यावर खोका देवाजवळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बाबांनी एकेक वस्तू बाहेर काढली आणि सवयीने उलटून पाहिली. मशीनवर मेड इन इंडिया. बाबांनी मान डोलावली. मग चार्जर हातात आला.

त्यावर मेड इन चायना होतं.

बाबा चार्जर हातात धरून तसेच उभे राहिले. तो परत करायचा तर सोमवारी माझं काम बुडणार, आणि ठेवायचा तर शपथ मोडणार. मला वाटलं, आता नोकरी गेली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. कपाटावरच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक हिरवी चिठ्ठी काढली, खळ लावली आणि चार्जरवरच्या अक्षरांवर दाबून बसवली. ‘घ्या. झाला वसईचा.’

‘मस्करी करतंस?’

‘मी कशाला करू? आता टेम्पो आला तो कुठनं आला? गुजरातनं. त्याच केळ्यांवर तुम्ही रोज हीच चिठ्ठी लावता. तिथं विहीर कोनाची?’

खरं होतं. वाडीत राजेळीची चार झाडं उरली आहेत, तीही पूजेपुरती. बाकी सगळी केळी बाहेरून येतात. सगळ्या घराला ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. बाबांनी चार्जरकडे पाहिलं, मग अंगणातल्या घडांकडे. आणि मग ते हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाई हसल्या, मीही हसले, मुलगी काही न कळता टाळ्या वाजवायला लागली.

सकाळी त्यांनी गावदेवीला दुसरा नारळ ठेवला. ओट्यावर सगळं खरं सांगितलं, चार्जरसकट. दोस्तांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली आणि निघताना एकाने आपल्या घरातली डासांची रॅकेट त्यांना देऊ केली. ती त्यांनी घेतली. विकत आणलेली नव्हती, त्यामुळे नियमात बसत होती.

सोमवारी मी पहिलं पान लावलं. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘बाय, आता माजी चिठ्ठी करून दे.’ मी विचारलं, काय लिहू. त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. नव्या लॅपटॉपवरून सगळ्यात आधी छापायला गेलेली वस्तू तीच. आता आमच्या पुडक्यांवर लिहिलेलं असतं: ‘केळी गुजरातची, ऊन वसईचं.’