आत्याबाईंचा कौल

गेल्या वर्षी मी मोबाईलवरून लाइफ कोचिंगचा कोर्स केला. भोरमध्ये बायका शिवणाचा, पार्लरचा, फार तर केकचा क्लास लावतात. मला लोकांची आयुष्यं मार्गी लावायची होती. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कोर्समध्ये पॉवरफुल प्रश्न विचारायला शिकवतात म्हटल्यावर त्याने "किती एचपीचे?" एवढंच विचारलं आणि ताट पुढे ओढलं.

कोर्सवाल्या मॅडमचे नियम कडक होते. सल्ला द्यायचा नाही. स्वतःचं मत सांगायचं नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागेल असा प्रश्न विचारायचाच नाही, त्याने माणूस स्वतःच्या मनात उतरत नाही. आणि प्रश्न विचारला की समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. हा शेवटचा नियम नवऱ्याला फार आवडला.

सरावाला एक माणूस हवं होतं आणि घरात सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. धाकट्या दिराने पुण्यात लिफ्टवाला फ्लॅट घेतला होता आणि तो आईला कायमची तिकडे न्यायचं म्हणत होता. आत्याबाई जाते म्हणत नव्हत्या, राहते म्हणत नव्हत्या. दिराचा फोन आला की "बगू" म्हणायच्या. मला घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं.

मला स्वतःला विचाराल तर त्यांनी जाऊच नये असं वाटत होतं. लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. ते तुकडे त्यांनी काही न बोलता खाल्ले होते. बोलायला त्यांनी नंतर सुरुवात केली, ती आजतागायत चालू आहे. त्यांच्याशी थोडं वाजल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पण मत सांगायचं नाही म्हणजे नाही.

पहिला प्रश्न मी त्या तांदूळ निवडत असताना टाकला.

"आत्याबाई, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"भितीवर," एक खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "हार घालून."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" त्या म्हणाल्या, "च्या." मी चहा करून दिला आणि नियमाप्रमाणे गप्प बसून त्यांच्याकडे बघत राहिले. "आता काय?" त्या म्हणाल्या. मी गप्पच. संध्याकाळी शेजारीण मला बाजूला घेऊन विचारू लागली की तू सासूशी अबोला का धरलायस आणि वर डोळे वटारून का बघतेस.

तिसरा प्रश्न मात्र भोवला. "तुमची नेमकी अडचण काय आहे?" मी अगदी मायेने विचारलं होतं. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"अडचन? माजी अडचन हुती व्हय तुला? मग सरळ सांग की. रोज आडून आडून कशापायी इचारतीस?"

मी तसं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तेही मतच झालं असतं. म्हणून मी विचारलं, "असं वाटल्यावर तुमच्या मनात काय काय येतंय?" त्या उठल्या आणि त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली.

जायच्या आधी त्यांना देवीला कौल लावायचा होता. त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं, पासलीचं. तिथल्या देवीला विचारल्याशिवाय त्या दाढसुद्धा काढत नाहीत. नवरा दुकान सोडेना, तेव्हा मीच सोबत निघाले. कापूरहोळला गाडी बदलताना समोर पुण्याची एसटी उभी होती. "लांब न्हाई तसं पुनं," असं म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं. मला रडू येत होतं, म्हणून मी भजी घ्यायला गेले.

देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"हां, इचारा मावशी."

आत्याबाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि हुबेहूब माझ्या सुरात म्हणाल्या, "आई, मला नक्की काय पायजे?"

आणि उत्तराची वाट बघत गप्प बसल्या. गुरव चपापले.

"अवो मावशी, असं न्हाई इचारायचं. ती कळी हाय, बोलंल कशी? जाऊ का नको, एवढंच इचारा."

"ही रोज असंच इचारती मला."

गुरवाने माझ्याकडे असं बघितलं की मी घंटेकडे बघू लागले. मॅडमनी ज्या प्रश्नांना बंदी केली होती, ते सोडून देवी दुसरं काही ऐकतच नव्हती.

"आई, लेकाकडं जाऊ का?" आत्याबाईंनी परत विचारलं. या खेपेला आवाज त्यांचा स्वतःचा होता.

कळ्या हलेनात. मग उजवी कळी जराशी सरकली, देवीच्या दंडापाशी आली आणि थांबली. मला राहवलं नाही.

"आत्याबाई, नका ना जाऊ!"

"मधी बोलायचं नसतं!" गुरव ओरडले.

"थांबा वो," आत्याबाईंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळल्या. "काय म्हनलीस? परत म्हन."

"जाऊ नका. तुमच्याशिवाय मला नाही करमायचं त्या घरात."

तेवढ्यात कळी टपकन खाली पडली. उजवीच.

"घ्या, झाला कौल," गुरव म्हणाले. "जा म्हनती आई."

"कुठं काय? माजं इचारून झालं तवा हालली का ती नीट? ही जाऊ नका म्हनली आन् मग पडली. आईनं हिच्या बोलन्याला व्हय म्हनलंय."

गुरवाने काहीतरी सांगायला बोट वर केलं. आत्याबाईंनी त्या बोटापुढे नारळ धरला. मग माझ्या दंडावर एक चापट मारली, चांगली लागेल अशी. त्यांचे डोळे भरले होते.

"आगं, मग एवढे दिवस इचारत काय बसली हुतीस? सांगायचं की!"