साडूची भिंत

माझ्या साडूइतका चांगला आणि त्याच्याइतका डोक्याला ताप देणारा माणूस हैदराबादेत मुसी नदीच्या दोन्ही काठांना दुसरा झाला नाही. चांगुलपणाचं म्हणाल तर मुंगीला वाट देणारा. पण मुंगी कुठल्या बाजूला चालली आहे हे न बघता वाट देणार, म्हणजे मुंगीही बिचारी अवघडून उभी. माझी बायको थोरली आणि त्याची धाकटी, या नात्याने हा मनुष्य माझ्या गळ्यात पडला. तो नारायणगुड्यात राहायचा, सरकारी दफ्तरात कारकून. मी जामबागेत, गवंडी. शाळा मी दुसरीत सोडली, पण हातात ओळंबा धरला तो चाळीस वर्षं सोडला नाही, आणि माझी भिंत वाकडी आहे असं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

कारकुनी त्याच्या हाडात मुरली होती. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. हळद, तिखट, गूळ. एका डब्यावर 'रिकामा' अशीही चिठ्ठी होती. मेहुणीने त्यात तूरडाळ भरली तर याने चिठ्ठी बदलली आणि लिहिलं, 'पूर्वी रिकामा, आता डाळ.' पोरींच्या वेण्यांच्या रिबिनी वारांप्रमाणे लावलेल्या. मंगळवारची रिबीन बुधवारी बांधली तर त्याला जेवण जात नसे. आणि इतका शिस्तीचा माणूस, पण खरं काम अंगावर आलं की हात झटकून म्हणायचा, "फिकर नक्को, हो जाता." आणि व्हायचंही, कारण दुसरं कोणीतरी करायचं. बहुतेक वेळा मी.

मग हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. त्याच्या दफ्तरात महिनोन्‌महिने फायलींचे तीन ढीग लागत होते, एक मराठी, एक तेलुगू, एक कानडी मुलखाचा. मराठी ढिगाबरोबर साडूचीही औरंगाबादला बदली निघाली. जायला दोन महिने होते. दुसरा कोणी असता तर भांडी बांधायला घेतली असती. हा संध्याकाळी माझ्याकडे आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "साडूभाऊ, इतकी वर्षं या शहराचं मीठ खाल्लं. कागद इकडचे तिकडे केले, दुसरं काय केलं? जायच्या आधी एखाद्या गरिबाचं घर माझ्या हातचं इथे उभं राहू द्या."

मी म्हटलं, दान करा, मजूर लावा, मी उभा राहतो. छे. स्वतःच्याच हाताने, आणि तेही सगळ्या कुटुंबाने. बायको चिखल मळणार, दोन्ही पोरी विटा देणार, हा रचणार. दर रविवारी.

वस्ती निवडली ती नदीपलीकडची. चटया आणि पत्र्यांची खोपटी, पावसात पाणी आत, उन्हात ऊन आत. गरीब होती यात वाद नाही. पण मी तिथे पाय ठेवला आणि कपाळावर हात मारला. त्या वस्तीतला एकूण एक माणूस बांधकामावर जाणारा. निम्मे तर माझ्याच हाताखाली काम केलेले. शहरातल्या बंगल्यांना त्यांनी हात लावलेला, आणि दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधून स्वतःचं बांधायला त्यांना सवड नव्हती. अशा लोकांना घर कसं बांधतात ते दाखवायला माझा साडू धोतर खोचून निघाला. मी त्याला हे सांगितलंही. तो म्हणाला, "हे तर फारच बरं झालं. चुकलं तर विचारता येईल." विचारलं मात्र एकदाही नाही.

घर ठरलं यल्लम्माचं. ही विधवा बाई, चिखलाचा गारा मळण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, बोलण्यात तर नाहीच. पाडलेल्या एका कोठीच्या जुन्या विटा मी मिळवून दिल्या. साडूने पहिला अख्खा रविवार त्या विटांचे तीन ढीग लावण्यात घालवला: अख्ख्या, कोपरा उडालेल्या आणि 'विचाराधीन'. विटा भिजवून घ्या म्हटलं, तर भिजवल्या की मळकट दिसतात म्हणाला. आणि रचायला बसला, तर रचली कशी? विटेवर बरोबर वीट, सांध्यावर बरोबर सांधा. खालपासून वरपर्यंत सरळ रेघा, जशी काही हजेरीची वही आखली आहे. अहो, सांधा मोडून वीट लावायची असते, खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची, हे गवंड्याच्या घरातलं मांजरही जाणतं. अशी भिंत म्हणजे एकमेकांना टेकून उभे असलेले चार दारुडे. मी ओरडलो. तो म्हणाला, "पण बघायला किती स्वच्छ दिसते." मी तिथून उठून गेलो.

पुढच्या रविवारी गेलो तर भिंत नीट. सांधे मोडलेले, थर पाण्यासारखे सपाट. साडू भिंतीवर हात फिरवत मला म्हणाला, "बघितलंत? वाळली की आपोआप जागेवर येते."

हे मला. चाळीस वर्षं भिंती बांधणाऱ्या माणसाला.

मी सोमवारी उजाडता तिकडे वाट वाकडी केली. यल्लम्मा आणि शेजारच्या दोघीतिघी साडूचे रविवारचे थर उतरवत होत्या, विटा भिजवून पुन्हा चढवत होत्या, आणि मग कामावर जाणार होत्या. मी तिच्यावरही चिडलो. ती म्हणाली, मेस्त्री, ही माणसं भाकऱ्या आणतात आणि आमच्याबरोबर मातीत बसून खातात. असं आजवर कोण बसलं इथे? सकाळचं तासभर काम जास्त, त्यात काय मोठं. आणि त्यांना सांगू नकोस म्हणाली.

तीन भिंती अशाच झाल्या. मी जिभेवर दगड ठेवला. पण साडूने दफ्तरात सांगितलं, गल्लीत सांगितलं, आणि एके रविवारी माझ्याच दोन मजुरांना जवळ बसवून वाळताना भिंत कशी सरळ होते ते समजावायला लागला. ते दोघं खाली मान घालून हसत होते. मला ते सहन झालं नाही. हसायचं तर मी हसेन, हे माझं माणूस आहे. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, की या तिन्हींत तुमची एक वीट नाही. दर सोमवारी ही बाई पाडते आणि बांधते.

मेहुणीने चिखलातले हात तसेच धरले. पोरी बापाकडे बघायला लागल्या. तो विटांच्या ढिगावर बसला. मला वाटलं माझ्यावर भडकेल. तो म्हणाला, "म्हणजे आमच्यापायी ही बाई दुप्पट राबली."

आणि मग, "साडूभाऊ, एक भिंत राहिली आहे आणि दोन रविवार. मला शिकवा."

शिकवणं हा माझा धंदा नव्हे. माझ्या हाताखालची पोरं शिव्या खाऊन शिकली. याला शिव्या देऊन काही होईना, कारण प्रत्येक शिवीला तो 'हौ, बरोबर' म्हणायचा. वीट भिजवायला शिकला. सांधा मोडायला शिकला, पण दर थराला मला विचारायचा की मोडू ना, जसं काही त्याचं मन मोडत होतं. गारा पसरायची करणी पकडायचा ती टाकासारखी, तीन बोटांत. विटांनी दोन्ही तळहात सोलवटले. मेहुणी मला बाजूला घेऊन म्हणाली, दाजी, नसेल जमत तर तसं सांगा, औरंगाबादपर्यंत याच हातांनी ट्रंका उचलायच्या आहेत. मी त्याच्यापुढे पुढची वीट सरकवली. त्याने मात्र एकदाही 'हो जाता' म्हटलं नाही.

दुसऱ्या रविवारी उन्हं कलली तेव्हा भिंत पुरी झाली. यल्लम्माने माझ्या हातातून ओळंबा घेतला आणि भिंतीला लावला. दोन बोटं बाहेर. पडणारी नव्हती, सांधे पक्के होते, पण माझ्या नावाला बट्टा होता. उतरवायची असती तर ती दुसऱ्या सकाळी सहज उतरवू शकत होती. साडू तिच्या तोंडाकडे बघत उभा, हात पाठीमागे, दफ्तरात साहेबापुढे उभा राहावा तसा. तिने ओळंबा गुंडाळला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उंडनी."

राहू दे, असं म्हणाली. इतकी वर्षं हैदराबादेत काढून या माणसाला तेलुगूचे चार शब्द आले नव्हते. त्याने मला विचारलं, काय म्हणते?

मी आजवर कुणाच्या वाकड्या भिंतीला सरळ म्हटलेलं नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. म्हणालो, "म्हणते, मेस्त्रीच्या हातची वाटते."

त्याने ते लगेच खरं मानलं.

त्याच आठवड्यात तो गेला. महिन्याभराने पत्र आलं, माझ्या मुलीने वाचून दाखवलं. तिकडेही एक वस्ती बघून ठेवली आहे, आता सांधा मोडता येतो, तरी तुम्ही जवळ असलात तर बरं, चार रविवार येऊन जा. मुलगी म्हणाली, काय लिहू? मला राग आला होता. जाताना 'चला' असं एकदा विचारलं नाही आणि आता बोलावतोय. म्हटलं, लिही, तुमच्या साडूला रविवारी वेळ नसतो.

तिने तसं लिहिलं. खरं म्हणजे रविवारी मला वेळच वेळ होता, काय करावं ते सुचत नव्हतं. पण मी सांगितलेलं सगळं तो खरं मानायचा. त्याने पुन्हा कधी बोलावलं नाही.